श्रीहरीच्या कुऱ्हाडीचा तिसरा दांडा

तेवीस वर्षांच्या ठणठणीत मुलीने मृत्युपत्र कशासाठी करावे? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. पण म्हाताऱ्यांना मृत्युपत्राचे महत्त्व सांगत मी वर्षभर गावात फिरले, तेव्हा शेजारच्या टोल्यावरचे, म्हणजे वस्तीवरचे, वारलूभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "तू आदी आपलं लिवून दाखव वं पोरी. मंग आमचं पाहू." म्हणून मी, नीलिमा श्रीहरी रामटेके, बी.ए., राहणार मौजा मोहटोला, तालुका नागभीड, हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वारलूभाऊंचा आहे, पण तो कायद्यात बसत नाही.

१. माझे पदवी प्रमाणपत्र घरातले पहिलेच आहे. ते आईने, म्हणजे बायनाबाईने, येणाऱ्या-जाणाऱ्याला खुशाल दाखवावे. मी हयात असताना लाजेपायी दाखवू दिले नाही.

२. माझी पुस्तके गावच्या वाचनालयास द्यावी. वाचनालय अद्याप नाही. ते आधी काढावे.

३. कुऱ्हाड. वडील वारल्यावर ती आई, भाऊ राजदीप आणि मी अशी तिघांची झाली. राजदीप नागपूरला असतो. दिवाळीत त्याने मोबाइलसमोर बाभळीची गाठ फोडायला घेतली आणि दांडा मोडला. "दांडाच सडका होता," म्हणाला. दांडा सडका नव्हता, हे येथे मुद्दाम नोंदवते. वर म्हणतो, "लोखंड मी नागपूरले नेतो, हॉलमधी लावतो. बाबाची आठवन."

आई म्हणाली, "अन् मी सरपन का दातानं फोडू?"

मी जुन्या खाटेच्या सागवानाचा दांडा करून बसवला. दुसऱ्या दिवशी तो उभा चिरला. वारलूभाऊ हसले. "सागाचा काऊन लावला वं? धामन पाह्यजे." त्यांनीच धामणीच्या झाडाची चिवट काठी आणून दिली, धुरावर वाळवायला लावली आणि विचारले, "माप कोनाच्या हाताचं?"

दांडा काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत मापतात. वडील उंच होते. आई त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती, आणि वीस वर्षे त्यांच्याच मापाच्या दांड्याने लाकडे फोडत होती. मी तेव्हा गावभर समतेवर बोलत होते.

४. लोखंडातला माझा तिसरा हिस्सा आईला देते. दांडा मी तासला, म्हणून तो माझी स्वकष्टार्जित मिळकत, तोही आईचाच. राजदीपला लोखंडातला आपला हिस्सा न्यायचा असल्यास त्याने दांडा न हलवता न्यावा.

५. राजदीपला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्यामुळे तो साक्षीदार होण्यास पूर्ण पात्र आहे.

६. "माप कोनाचं घ्याचं ते मी आल्यावर बसून ठरवू," असे राजदीपने फोनवर सांगितले होते. तो बसमधून उतरायच्या आत, आज सकाळी, मी आईचा हात मोजून दांडा कापला आणि पाचर ठोकून बसवला. उरलेला वीतभर तुकडा चुलीत घातला.

लिहून देणार: नीलिमा श्रीहरी रामटेके

साक्षीदार:
१. वारलू मडावी
२. राजदीप श्रीहरी रामटेके (वाचले. पटले नाही. सही केली.)

मोहटोला, रविवार, २ मार्च २०२५