दुसरं पान

८ फेब्रुवारी, रविवार

प्रिय मामा,

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण कळायला दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे कांद्याच्या शेडमध्ये उभं राहून सुजतात आणि रविवारी जरा उतरतात. तीन राजांच्या सणाला पावातली बाहुली यंदा तिच्याच तुकड्यात निघाली, म्हणून रिवाजाप्रमाणे परवाच्या कँडेलारियाच्या सणाचे, मक्याच्या पानांत उकडलेले तामाले तिलाच करावे लागले. तुझ्या वाटणीचे बारा फ्रीजरमध्ये आहेत. पुडक्यावर तिने तुझं नाव माझ्याकडून लिहून घेतलं. तुझ्या अंगणातला ग्रेपफ्रूट लगडलाय, खाली फळांचा सडा पडलाय. मी दर शनिवारी जाऊन वेचते. कुत्रा मजेत आहे. तो कुणाशीच अबोला धरत नाही.

डिसेंबरपासून मी तुला सतरा फोन केले. अठरा म्हणणार होते, पण एक चुकून लागला होता. आता कागदावर लिहिते आहे, कारण कागद वाजत नाही आणि मध्येच कटही करता येत नाही. तिकडे तेलाच्या विहिरींवर तू कुणाचे ट्रक दुरुस्त करतोस ते मला माहीत नाही. पण पत्र तू उघडशील. छापील काहीही हाती पडलं की तू वाचतोस, बॅटरीच्या खोक्यावरच्या सूचनासुद्धा.

मामा, मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. हे आधी सांगते, नाहीतर ग्रेपफ्रूटवरच पान संपेल.

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाला तू कोच म्हणून शिकवलेल्या बचावाला, डिफेन्सला, गावात काय म्हणतात ठाऊक आहे? चाळणी. नाताळच्या आठवड्यात शाळेच्या बसच्या गॅरेजच्या दाराला कुणीतरी खरोखरची चाळणी टांगली, पत्र्याची, खाली रिबन बांधलेली. तुझ्या जागी आलेला मेकॅनिक तिच्यात नटबोल्ट धुतो. केस कापायच्या दुकानात म्हातारा सिल्वेस्त्रे मला ऐकू जाईल असं म्हणाला, "एकोणीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या, पण डिफेन्स काय दुरुस्त झाला नाही!" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. घरी आले आणि तीन वेळा हात धुतले.

त्यांचा आकडा कुठला, तर माझा. दहा सामन्यांत समोरच्यांना तीनशे बारा गुण दिले, सामन्यामागे एकतीस पूर्णांक दोन. डिसेंबरमध्ये तुला कोचपदावरून काढलं त्या शाळा मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष श्रीमती ओलिवारेझनी तो माझ्या अहवालातून चष्मा लावून वाचला, आणि वर म्हणाल्या, "आणि हा हिशोब आपल्याच मुलीने केलाय, आपल्या गावच्या पदवीधर गणित शिक्षिकेने." आपल्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आई बैठकीला चांगला ब्लाउज घालून आली होती. इंग्रजी तिला धड कळत नाही, पण माझं नाव घेतलेलं कळलं आणि तिने टाळी वाजवली. एकटीने. मग तुझ्याकडे पाहिलं आणि तिचे हात तसेच थांबले.

आकडा खोटा नाही. तसा तो खराही नाही. फलकावरचे सगळे गुण डिफेन्सच्या कोचच्या नावावर टाकायचे म्हणजे स्वयंपाक जळला म्हणून राखणदाराला काढायचं. आपला क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, तो समोरच्याच्या हातात जातो, समोरचा पळत आपल्या गोलरेषेपार जाऊन टचडाउन करतो. त्या क्षणी तुझी अकरा पोरं कुठे असतात? बाकावर, पाणी पीत. तुझी पोरं बाकावर असताना झालेले असे बारा टचडाउन, प्रत्येकी सात धरून चौऱ्याऐंशी गुण. ते वजा केले तर उरतात दोनशे अठ्ठावीस, म्हणजे सामन्यामागे बावीस पूर्णांक आठ. आणि उरलेल्या तीस टचडाउनपैकी अकरा वेळा समोरच्यांना चेंडू मिळाला तोच आपल्या गोलरेषेपासून तीस यार्डांच्या आत. उंबऱ्यावर चोर आणून सोडायचा आणि पहारेकऱ्याला विचारायचं, आत कसा शिरला?

हे सगळं माझ्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर होतं. तू ते वाचलं होतंस, बैठकीआधीच्या रविवारी, तुझ्या स्वयंपाकघरात. मी पाचवीत असताना ज्या टेबलावर तू अकरा नट मांडून मला बचाव शिकवलास, त्याच टेबलावर. "माणसं मोजू नकोस गं, मोकळ्या जागा मोज. मार तिथूनच येतो." पान वाचून तू घडी केलीस. तुला एकच गोष्ट विचारायची होती.

"बेटोचं नाव नाही ना कुठे?"

"नाही. फक्त आकडे आहेत."

"सात त्याचे आहेत. गाव आंधळं नाही, नोएलिया."

बारातले सात बेटोच्या फेकीवर, दोन धावणाऱ्यांच्या हातून चेंडू सुटल्यावर, तीन किकवर. बेटो तिहेरीना, वय सतरा, हेड कोचचा मुलगा. बाप्तिस्म्याला ज्याला तू हातात धरलंस तो तुझा धर्मपुत्र. तू आणि त्याचा बाप एकाच संघात खेळलात, एकाच बाकावरून उठलात आणि त्याच्या पोराने तुम्हाला एकमेकांच्या घरचं करून टाकलं. मला हे सगळं समजतं. कोच तिहेरीनालाही समजत होतं. तू तोंड उघडणार नाहीस याची त्याला इतकी खात्री होती की बैठकीत तो तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. शेजारी, मामा! स्वतःची खुर्ची वाचवायला तुझी ओढून घेतली, आणि तुला विचारलं, "पाणी हवंय का, चेबो?"

आणि तू पाणी घेतलंस. टोपी गुडघ्यावर ठेवून प्यायलास. श्रीमती ओलिवारेझनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?" तू म्हणालास, "पोरांनी जीव तोडून खेळ केला. जबाबदारी माझी." एकोणीस वर्षांचा शेवट दोन वाक्यांत. मला ओरडावंसं वाटलं.

मी ओरडले नाही. त्याचं सांगायला मी कालपासून चार कागद फाडले.

सोमवारी सकाळी कोच तिहेरीनाने मला ऑफिसात बोलावलं. माझ्यासमोर अहवालाची पिन काढली. "मिस कांतू, मंडळातल्या लोकांना वाचायला वेळ नसतो. एक पान पुरे." दुसरं पान त्याने टेबलावर पालथं ठेवलं, त्याच्यावर कॉफीचा कप. मी म्हणायला हवं होतं, सर, मग माझं नाव काढा. मी काय म्हटलं? "ठीक आहे, सर." माझं नोकरीचं पहिलं वर्ष आहे, करार मार्चमध्ये पुढे होतो की नाही ते ठरतं, त्यावर त्याचंही मत घेतात. हे कारण आहे. माफी नाही.

बैठकीत श्रीमती ओलिवारेझनी मला सरळ विचारलं, "मिस कांतू, हा संपूर्ण अहवाल आहे ना?"

मी तुझ्याकडे पाहिलं. आणि तू मान हलवलीस.

इतकीशी. बाजूला बसलेल्यालाही दिसली नसेल. मैदानाच्या कडेने पोरांना "राहू दे, जागा सोडू नको" म्हणताना हलवतोस तशी. आणि मी म्हटलं, "हो, मॅडम. संपूर्ण आहे."

त्या मानेचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तू माझी नोकरी वाचवलीस, बेटोचं नाव वाचवलंस, त्याच्या बापाची खुर्चीसुद्धा. मला कुणी विचारलं होतं का, मला खोटं बोलायची परवानगी हवी आहे का? तू दिलीस आणि मी घेतली. दिली नसतीस तर मी खरं बोलले असते, असं स्वतःला रोज सांगते. पण ते मोजता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

हिवाळाभर मी एकच काम केलं. वर्षाची सगळी रेकॉर्डिंग पुन्हा पाहिली, दोनदा. सहाशे एक्केचाळीस डाव. प्रत्येक डावाला तू काय सांगितलंस, पोरांनी काय केलं, चूक कुणाची. तुला पदक द्यायला नाही पाहिली. म्हणून हेही ऐक: तू निर्दोष नाहीस. समोरच्यांना लांब पल्ला हवा असताना तू तेवीस वेळा सगळ्यांना पुढे सोडलंस. नऊदा जमलं, चौदा वेळा मागे मैदान मोकळं, आणि त्यातले चार टचडाउन निव्वळ तुझ्या हट्टाचे. मोकळ्या जागा मोज म्हणणारा माणूस स्वतःच त्या करून देत होता. सांता आल्माविरुद्धच्या सामन्यात तुझ्या बचावातल्या चुईच्या पायात गोळे येत होते, सगळ्यांना दिसत होतं, तरी तू त्याला काढलं नाहीस, कारण त्याची आजी पहिल्यांदा मैदानावर आली होती. दोन टचडाउन त्याच्या अंगावरून गेले. तुझा जीव मऊ आहे आणि डोकं कडक. उलटं असतं तर आपण आणखी दोन सामने जिंकलो असतो. पण जे तुझ्या माथी मारलं ते तुझं नव्हतं. मधल्या फळीने वर्षभरात चुकीच्या जागी उभं राहून फक्त सहा डाव घालवले. सहा. अशी शिकवण चाळणीची नसते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

गुरुवारी तास संपल्यावर बेटो माझ्या वर्गात थांबला. दप्तर एका खांद्यावर, बूट एकमेकांवर घासत.

"मिस, तुमच्या कागदावर दुसरं पान होतं ना?"

"कुणी सांगितलं?"

"पप्पांच्या टेबलावर पाहिलं मी. कपाचा डाग आहे त्याच्यावर." मग म्हणाला, "त्यातले माझे किती?"

"पप्पांना विचार."

"विचारलं. म्हणाले, धर्मपित्याला विचार. ते फोन उचलत नाहीत." मग हसायचा प्रयत्न केला. "एवढे जास्त आहेत का, मिस?"

मी त्याला सांगितलं नाही. तुझ्यासारखीच मान हलवली, नुसती, कशालाच नाही. तो निघून गेला. तो आता जेवणाच्या सुट्टीत एकटा बसतो. पोरं काही बोलत नाहीत त्याला, तो स्वतःच उठून लांब जातो. ज्याला वाचवायला तू नाव आणि गाव सोडलंस, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. फक्त किती ते माहीत नाही. म्हणून तो सगळेच आपले धरतो. सगळे बेचाळीस, मामा. मी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर पाहिलं. पाच-पाचच्या आडव्या-उभ्या रेघा, खाली दोन सुट्या.

मंगळवारी, सतरा तारखेला, मंडळ तुझ्या जागी नवा माणूस नेमणार आहे. गावकऱ्यांना बोलायला तीन मिनिटं असतात. मी नाव नोंदवलंय. दुसरं पान वाचायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागतात, आईसमोर घड्याळ लावून पाहिलं. उरलेल्या वीस सेकंदांत मी सांगणार आहे की डिसेंबरमध्ये मी खोटं बोलले. ते तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. त्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांत तुझ्या हट्टाचे चारही टचडाउन मी जोडलेत. बेटोचं नाव वाचणार नाही. आईला सगळं समजावलं. तिने माझे हात हातात घेऊन पाहिले. मग म्हणाली, "कांद्याच्या शेडमध्ये जागा आहे, पण तुझे हात मऊ झालेत." आणि तोच ब्लाउज धुवायला टाकला.

तुला परवानगी मागत नाही. या वेळी मान हलवलीस तरी मला इथून दिसणार नाही.

पण तू बेटोला फोन कर. मंगळवारच्या आत. सात म्हणून सांग. बेचाळीसातले सात, आणि ते सात झाले तेव्हा त्याच्यापुढे फळी कुणी धरली नव्हती तेही सांग. आकडा त्याने मंडळाच्या सभागृहात माझ्या तोंडून ऐकू नये. बाप्तिस्म्याला पोर हातात घेतो तो माणूस एवढ्यासाठीच असतो ना? की नुसता फोटोत उभं राहायला?

दुसऱ्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. पिन लावून. दोनदा तपासली.

तुझी भाची,
जिने "संपूर्ण आहे" म्हटलं होतं,
नोएलिया