अध्यक्षबाईंचे मिस्टर

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून रोज लिहायचं. राग आला की ओरडायचं नाही, लिहून काढायचं, असं ब्लडप्रेशरचा डॉक्टर म्हणाला. मला राग येत नाही, मी फक्त मुद्दा मांडतो, हे त्याला ओरडून सांगितलं. त्याने गोळी वाढवली.

मुद्दा असा. माझी बायको सुन-इम मार्चमध्ये गावच्या महिला सेवा मंडळाची अध्यक्ष झाली. तेव्हा मीच म्हणालो होतो, हो बाई, तुला तेवढाच विरंगुळा. विरंगुळा! मंगळवारी म्हाताऱ्यांचे केस कापणे. गुरुवारी एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच डबा. शनिवारी समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा. रविवारी बाई दमलेल्या. उरलेले दिवस मीटिंग.

आज दुपारी घरी आलो तर सूप गार. फोनवर मेसेज: तळलेला मासा मेंगभावोजींच्या डब्यात गेला, तुम्ही अंडं करून घ्या.

मेंग म्हणजे मागच्या गल्लीतला माझा बालमित्र. बायको वारली त्याची. वाईट झालं, मी खांदा दिला. पण म्हणून माझा मासा?

अंडं करपलं. पॅन खराब आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बँकेत नवी पोरगी आलीय. मला बघून उठून उभी राहिली. मला वाटलं, चला, या पिढीत कुणाला तरी किंमत आहे. तर म्हणते, तुम्ही अध्यक्षबाईंचे मिस्टर ना?

मिस्टर! मी थाक ब्योंग-गू. बापाने मला एक पाना आणि एक पाईप दिला होता, पाईप फुटका. त्यावर मी पंपांचं दुकान उभं केलं. या गावात नळ सोडला की जे पाणी येतं ते निम्म्या घरांत माझ्या पंपाने येतं. कुणी कधी म्हणालं, ह्या पंपवाल्याच्या मिसेस? म्हणायला हवं होतं.

पोरीला हे सगळं समजावून सांगितलं. मागची रांग चुळबुळत होती. ऐकण्याची सवयच गेलीय लोकांची.

९ नोव्हेंबर, रविवार

गावच्या गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात मेंग भेटला. पाठ चोळून देत होता आणि सांगत होता, अरे थाक, गुरुवारचा मासा, काय सांगू, वहिनींनी खाली मुळा घातला होता, तो मुळा तर माशाहून सरस. तुझी काय मजा बुवा, तुला रोजच.

मी म्हणालो, रोजच.

हे खोटं नव्हे, स्वाभिमान. त्याची पाठ जरा जोरात चोळली. म्हणाला, कातडी राहू दे रे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं. आज नाश्त्याला शेवटचं सांगून टाकलं. मंडळ की मी. खुर्चीवरून उठून, टेबलावर हात आपटून, व्यवस्थित. सुन-इम तिचं ते गुलाबी जाकीट घालत होती. मंडळाचं जाकीट. पाठीवर फूल छापलंय. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे निवड मी करायची? मग महिनाअखेरपर्यंत थांबा, हिवाळ्याच्या किमचीचं काम डोक्यावर आहे, वर्षाचा कोबी खारवायचाय.

हादरली आहे. वेळ मागून घेणं म्हणजे हादरल्याचंच लक्षण.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज ताटात पुन्हा सूप आणि मुळा. जाहीर केलं: आजपासून या घरात जेवणार नाही आणि झोपणारही नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत राहीन. ती म्हणाली, बरं. तिथली जमीन घरच्यासारखी खालून तापत नाही, इलेक्ट्रिक चादर घेऊन जा.

बरं? नुसतं बरं?

चादर घेतली नाही. ताठ मानेने बाहेर पडलो. संध्याकाळी ती मीटिंगला गेल्यावर जाऊन घेऊन आलो.

आता फक्त वाट बघायची. ती बोलवायला येणार. आली की लगेच निघायचं नाही. आधी चहा पूर्ण प्यायचा. मग म्हणायचं, बघू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फोन नाही. खोलीत रेंज कमी असावी. फोन खिडकीत ठेवला.

दुपारी वाजला. देजॉनहून आमची जू-योंग. म्हणते, बाबा, आई म्हणाली तुम्ही दुकानात राहायला गेलात, मजा येतेय ना? तिला परिस्थितीचं गांभीर्य समजावलं. म्हणाली, बरं. आईवर गेलीय.

जेवण: कपातले नूडल्स. स्वातंत्र्याची चव वेगळीच असते. खारट असते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

झोपेतून उठता उठता सुचलं. ट्रक!

दर वर्षी मंडळाच्या किमचीचा कोबी मंडळातल्याच गुकबाईंच्या टेकडीवरच्या शेतातून समाजमंदिराच्या अंगणात येतो तो कशातून? माझ्या ट्रकमधून. यंदा गावातल्या सगळ्या एकट्या म्हाताऱ्यांची हिवाळ्याची किमची करायची म्हणून अध्यक्षबाईंनी भाषण केलंय. करा ना. डोक्यावरून आणा कोबी.

किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. मंडळाच्या बायका येतील. पहिल्यांदा विचारतील तेव्हा ‘ट्रक बिघडलाय’. दुसऱ्यांदा ‘बघतो’. तिसऱ्यांदा सुन-इमने स्वतः यायचं. मग अटी. गुरुवारचा मासा आधी घरात. आणि गावात ओळख करून देताना तिने म्हणायचं, मी पंपवाल्या थाकांची मिसेस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कोबी मीठवणीत घालायचा दिवस. सकाळी ट्रक धुतला. पुसला. दुकानासमोर, रस्त्यावरून दिसेल असा उभा केला. खुर्ची टाकून बसलो. ‘ट्रक बिघडलाय’ हे तीन प्रकारच्या आवाजात म्हणून पाहिलं.

साडेनऊच्या सुमारास फटफट आवाज. माझा कान तिखट आहे, तीन घरांपलीकडच्या पंपाची बेअरिंग गेलेली मला ऐकू येते. ओळखलं, हा पॉवर टिलर, मागे ट्रॉली, भार जास्त. वळणावरून आला. चालवायला गुकबाई! बहात्तर वर्षांची बाई, डोक्यावर फुलाफुलांची टोपी, दोन्ही हात हँडलवर, जणू रणगाडा. मागे कोबीचा डोंगर, डोंगरावर गुलाबी जाकिटं, आणि सगळ्यात वर सुन-इम, मांडीत एक कोबी, तान्हं मूल धरावं तसा.

गुकबाई ओरडल्या, भावोजी, ट्रक काय चकचकीत केलाय हो! आणि गेल्या.

थांबल्यासुद्धा नाहीत. पॉवर टिलर रस्त्यावर चालवायला बंदी असायला हवी. तक्रार करणार आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज कोबीत मसाला भरायचा दिवस. समाजमंदिराच्या मागे एक जुना पंप आहे, त्याची पाहणी करायला गेलो. पंप नेमका खिडकीखाली आहे, त्याला माझा इलाज नाही.

आत नुसता हशा चालला होता. म्हटलं, ऐकू या तरी आपल्याबद्दल काय काय बोलतात. उत्तरं तयार होती. गुकबाईंच्या मुलाची नवी कवळी झाली. कुणाच्या तरी गुडघ्यातलं पाणी झालं. किमचीत घालायची खारवलेली कोळंबी यंदा जास्त खारट की मागच्या वर्षी, यावर तर दोन पक्ष पडले. गुकबाई म्हणाल्या, अगं, तिखट असं चोळ, नवऱ्याच्या पाठीला चोळतेस तसं गोंजारू नको. कुणीतरी म्हणालं, नवऱ्याची पाठ बघितलीय कुणी? पुन्हा हशा.

पाय भरून आले तरी उभा होतो. माझं नाव एकदाही निघालं नाही.

एकदाही नाही! शिव्यासुद्धा नाहीत. माणूस घर सोडून गेला आहे, गावात काही चर्चा?

सुन-इम हसत होती. तिच्या हसण्याच्या शेवटी उचकीसारखं एक येतं. ते मी विसरलो होतो. घरी ती तशी हसत नाही. त्याचं कारण असं की

(कारण उद्या लिहितो. पंपाची बेअरिंग खरंच गेली आहे.)

२३ नोव्हेंबर, रविवार

किमची करायला मंडळ लागतं कशाला? मी एकट्याने सुरू केली. ज्या टाकीत पंप तपासतो ती घासून घेतली. बाजारातून कोबी आणले. मीठ: उन्हाळ्यात आणलेलं नवं पोतं दुकानात पडलं होतं, तेच फोडलं. सुन-इम मिठाची पोती विटांवर ठेवते, म्हणे आतलं कडू पाणी ठिबकून जायला वर्षं लागतात. बायकांच्या समजुती. मीठ ते मीठ.

काम सोपं आहे. उगाच चाळीस बायका लागतात म्हणून बाऊ करून ठेवलाय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दिसायला उत्तम झाली. लालभडक. चव चाखायला मेंगला बोलावलं, परका माणूस खरं सांगतो म्हणून.

त्याने तुकडा तोंडात घातला. चावला. चावतच राहिला. मग विचारलं, यात औषध घातलंस का रे?

मी खाऊन पाहिलं. कडू. जिभेवर पितळ ठेवल्यासारखं. कोबी चांगला निघाला नाही.

मेंगने तोंडातला घास गिळला, टाकला नाही. म्हणाला, बायको गेली त्या वर्षी मीही अशीच केली होती. सगळी पुरावी लागली.

मी तडकलो. म्हणालो, माझी काही गेलेली नाही.

म्हणाला, तेच तर म्हणतो. तुझी कुठे गेलीय, गेलायस तू. आणि टोपी घालून निघाला.

याच्याशी आयुष्यात बोलणार नाही. टाकी रिकामी करताना कंबर धरली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी पायऱ्यांवर पावलं. खिडकीतून पाहिलं: गुलाबी जाकिटं. गुकबाई, आणखी एक, आणि मागे सुन-इम. आली! पटकन केस विंचरले. चहा ठेवला, तो पूर्ण प्यायचा होता ना.

दार उघडलं. सुन-इमने वाकून नमस्कार केला आणि परक्या माणसाशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, नमस्कार आजोबा, आम्ही महिला सेवा मंडळाकडून आलोय. इथे एक गृहस्थ एकटे राहतात असं कळलं.

आजोबा! एका वर्षाने मोठा आहे मी तिच्याहून. आणि कुणाकडून कळलं ते विचारायची गरजच नव्हती. मेंग!

गुकबाई छताकडे बघत होत्या. गाल फुगलेले.

ती विचारत गेली, सगळ्यांना विचारतात तसं. जेवण वेळेवर होतं का आजोबा? म्हटलं, होतं. काय जेवलात? नूडल्सच्या कपांचा ढीग तिच्या समोरच होता. झोप लागते? म्हटलं, जमीन तापत नाही. हे का बोललो कळत नाही.

मग त्या तिसरीने डबा टेबलावर ठेवला. झाकण जरा सरकलं होतं. ताजी किमची, उकडलेलं डुकराचं मांस, तिळाच्या तेलाचा वास. माझ्या पोटात असा आवाज झाला की तिघींनी ऐकला.

सुन-इमने शेवटचा प्रश्न विचारला. घरी तुमचं करणारं कोणी आहे का?

उत्तर मला माहीत होतं. ‘कोणी नाही’ म्हटलं की डबा माझा. तीन आठवडे मी हेच तर म्हणत होतो. तोंडही उघडलं.

म्हणालो, आहे.

कुठे असतात त्या?

म्हणालो, सेवेला. भेटत नाहीत.

तिने झाकण नीट बसवलं. म्हणाली, मग डबा देता येणार नाही. ज्यांचं कोणीच नाही त्यांच्यासाठी आहे. नियम आहे.

नियम केला कुणी?

अध्यक्षांनी.

आणि खरंच उचलला डबा! गुकबाई दारातून म्हणाल्या, काय हो भावोजी, एक ‘नाही’ म्हणायला काय झालं होतं, पोट तरी भरलं असतं. पायऱ्यांवर तिघींचा हशा. त्यात ती उचकी.

मी दार आपटणार, तेवढ्यात खालून सुन-इमचा आवाज आला. हा घरचा. जू-योंगचे बाबा, सात वाजता बसतो जेवायला. मंडळाच्या सगळ्या आहेत. चादर विसरू नका.

गेलो. अट मान्य करून नव्हे, चादर परत करायला. दारात इतक्या चपला की माझ्या सपाता ठेवायला जागा नाही. मला टेबलाच्या कोपऱ्यात, फ्रिजला टेकून बसायला मिळालं. बायका बोलत होत्या. कोळंबीचे दोन पक्ष अजून मिटलेले नाहीत. माझं मत विचारलं. मी मागच्या वर्षीच्या बाजूने.

जेवण झाल्यावर सुन-इमने माझ्या हातात रबरी हातमोजे दिले. गुलाबी.

इथे स्पष्ट नोंदवतो: मी काहीही कबूल केलेलं नाही. मंडळ की मी, हा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. मांसाची चरबी गार झाली की भांड्यांना चिकटून बसते, तेवढ्यापुरती भांडी घासली.

सगळ्यांची.