सान्वीच्या पहिल्या बाकाच्या तारखा

ती. सरस्वतीवन्सं,

देवापुढे निरांजन लावून लिहायला बसले आहे. पहिला नमस्कार त्याला, दुसरा तुम्हाला. गुडघा कसा आहे? आम्ही इकडे दिवा स्टेशनला ठीक, पाणी एक दिवसाआड.

शनिवारी सान्वीच्या शाळेतून आलं ते असं: पत्र एक, कोरा तक्ता एक, झेरॉक्सचे चार रुपये आपलेच. तुमच्या भाचीला दहावीला मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका आणि जादा वेळ हवा, तर नववीत वर्गात काय सोय दिली ते तारखांसकट दाखवा, म्हणतात. (वाढणाऱ्यानं विसरायचं आणि जेवणाऱ्यानं पंगतीचा हिशेब द्यायचा!) वैशालीबाई देवमाणूस. पोरीची नजर अधू म्हणून पहिल्या बाकावर बसवलं, फळ्यावरचं मोठ्यानं वाचलं, चाचणीला वीस मिनिटं जास्त दिली. लिहून तेवढं ठेवलं नाही, आणि मे महिन्यात नोकरी सोडून नाशिकला गेल्या.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे हो, पण फाईलचा माझ्यावर नाही. पंधरा दिवसांत कागद आणा, नाहीतर अर्ज सोयीशिवाय जाईल." मी ताठ मानेनं म्हटलं, तारखा आहेत! कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडते ना (तुम्ही हसता, हसा), त्याच चौकोनात सान्वी सांगेल ते लिहीत होते. 'पहिला बाक.' 'वीस मि. जास्त.' एकदा संकष्टीशेजारी, 'बाई रजेवर, मागे बसवली, रडली.' सर म्हणाले, हेच आणा.

घरी येऊन बघते तर खिळ्यावर यंदाचं. जानेवारी ते एप्रिल मिळालं, मागचे जून ते डिसेंबर गायब. माळा उपसला, गाद्या उलट्या केल्या, गणपतीला अकरा मोदक बोलले (कागद सापडले तर एकवीस करीन). सान्वीही कपाटाला नाक लावून शोधत होती. म्हणाली, "राहू दे गं आई, मी भरभर लिहीन." वन्सं, दिसायलाच वेळ लागतो तिला, भरभर लिहील कशी?

तुमची,
मालन

ता. क. मे महिन्यात मी डब्यातून पाठवलेले पापड खारट म्हणालात, मी नाही म्हटलं, तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. काल तुमच्याकडे घोडबंदरला स्वतः आले होते. वॉचमननं वर विचारलं, उत्तर आलं नाही, त्यानं मला गेटवरूनच परत पाठवलं. जाऊन येऊन एकशेदहा रुपये.

ता. क. दुसरा: पापड खारटच होते.

ता. क. तिसरा: त्या पापडांच्या डब्याच्या तळाशी मी मागच्या वर्षीचं कॅलेंडर घातलं होतं, ते आठवलं. पापड टाकले असलेत तरी चालेल. कागदांना मीठ लागलं असेल तर पुसू नका, पेन्सिलीनं लिहिलंय. स्पीडपोस्टाचे पैसे मी देईन, हे लिहून ठेवा. डबा आहे की गेला, तेवढं उलट टपाली कळवा.