ओटीपी टपालानं येत न्हाय

मोरबी,
ता. ४ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतीक्षा हिला भागवतदादाचा आशीर्वाद. वि. वि.

कागदावर लिवतोय म्हणून हसू नको. परवा तुझा फोन आला, म्या कापला. मग दुसऱ्याच नंबरवरून आला, तो बी कापला. हुबेहूब तुझ्याच आवाजात बोलत होतं, म्हणून तर कापला. हितं टाइलच्या भट्टीवर आमच्यासंग कल्याणप्पा हाय, आळंदकडचा. त्याला त्याच्या मेव्हण्याच्या आवाजात फोन आला, दवाखान्यात पडलोय म्हणला, आन घटकाभरात ह्याचं खातं साफ. मेव्हणा घरी भाकर खात बसलेला. आता मशीन कुणाचा बी आवाज काढतंय. पर तुझं अक्षर काढत न्हाय, ते म्या कुठं बी वळखीन.

फोनच्या पाठोपाठ माझ्या मोबाइलवर ओटीपी आले. आकडा कुणाला सांगू नका असं त्यातच लिवलंय. मग तो आवाज तेच का मागत होता? कॉलेजासमोरच्या दुकानातून बोलतेय म्हणला, शिवलिंगप्पा फॉर्म भरतोय म्हणला. कोण हा शिवलिंगप्पा? त्याला माझ्या मोबाइलचं काय करायचंय?

आईनं सांगितलं की तुझी फी सरकारनं माफ केली. सगळी? सरकार आपलं कोण लागतं? आन फुकट हाय तर अण्णांची हमीपत्रावर सही कशाला घेतली? म्या सातवीतनं शाळा सोडली, पर एवढं कळतंय की हमी घेणारा माणूस पुढं दारात येतोच. अण्णा खाली हरिबा आसं नाव लिवून मोकळे झाले आसतील, वाचलं थोडंच आसंल. खरं काय ते लिव. कॉलेजात जातीस का, का नाव काढून बसलीस आन आम्हाला गोड बोलतीस?

आन तू खरीच प्रतीक्षा आसशील तर एक सांग. येडशीला रामलिंगाला गेलो होतो, तवा माकडानं काय नेलं?

आईला तब्येत जपाय सांग. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा,
भागवत


धाराशिव,
ता. ११ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
प्रतीक्षाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खोलीतल्या मुलींनी पाकीट बघून आधी वेगळाच संशय घेतला. आतलं वाचून दाखवल्यावर लई हसल्या.

माकडानं तुझी नवीकोरी चप्पल नेली. एकच पायातली. तू नारळवाल्यावर आळ घेतलास, त्याच्या टोपलीत हात घातलास, आणि तेवढ्यात माकड झाडावर बसून चप्पल चघळताना आईला दिसलं. अण्णांनी तुझ्याकडून नारळवाल्याच्या पाया पडून घेतलं. येडशीच्या स्टेशनापर्यंत तू एका पायानं लंगडत आलास. पटली का ओळख? शिवलिंगप्पाचं फॉर्म भरून द्यायचंच दुकान आहे, आता त्याला पण तू नारळवाला करायला निघालास.

नीट वाच. आधी आपल्यासारख्या घरातल्या मुलींची निम्मी फी सरकार भरायचं. आता घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर शिकवणीची आणि परीक्षेची सगळी भरतं. खोली, मेस, पुस्तकं आपलीच. म्हणजे कॉलेजला फी मिळतेच, फक्त ती आपण देत नाही. पण त्यासाठी मला ऑनलाइन अर्ज करावा लागतो. तो मंजूर झाला नाही तर फी आपण भरू, एवढंच अण्णांनी हमीपत्रात लिहून दिलंय. सही करायच्या आधी त्यांनी ते क्लार्ककडून दोनदा वाचून घेतलं. तेवढं पण तुला पटणार नाही, माहितीय.

आता घोळ ऐक. शाळेत आधारचं शिबिर झालं, तेव्हा घरात एकच मोबाइल होता. माझ्या आधारला तोच नंबर जोडला, अर्जाचा ओटीपी त्यावरच येतो. तो मोबाइल घेऊन तू पुण्याला गेलास, तिथून सुरतला, आता मोरबीला. तू कुठं टिकत नाहीस, पण माझा ओटीपी मात्र तुझ्या मागं मागं फिरतो. ओटीपीऐवजी बोटाच्या मशीनवर पण बघितलं. दिवाळीत आईबरोबर सोयाबीन काढलं, शेंगांनी बोटं सोलून निघाली, मशीन घेईना. नंबर बदलायला आधार केंद्रावर दिलाय. महिना पण लागेल म्हणाले. अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेर आहे.

अर्ज गेला नाही तर क्लार्क म्हणतो सगळी फी भरा. अण्णा म्हणतात मग नाव काढ, सास्तूरला घरी ये, मोठ्या आत्यानं स्थळ आणलंयच. मला औषधांचं शिकायचंय दादा. प्रयोगशाळेत पहिल्यांदा मलम केलं, ते आईच्या टाचांना लावलं. ती म्हणाली, बरं वाटतंय. तेवढ्यावर माझं मन इथंच बसलंय.

ओटीपी दहा मिनिटं जिवंत असतो. तुझं पत्र यायला आठवडा लागतो. एकदा फोन उचल. लोभ माझ्यावर ठेव, संशय माकडावर.

तुझी,
प्रतीक्षा


मोरबी,
ता. १८ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतीक्षास आशीर्वाद. वि. वि.

चप्पल बरोबर. लंगडण्याचं लिवायची गरज नव्हती. कल्याणप्पाला वाचून दाखवत होतो, तिथं अडकलो, तर त्यानं कागदच हिसकला.

हमीचं बी कळलं. तरी त्या शिवलिंगप्पाला पासवर्ड सांगू नको, तू सवता टाक, त्याला तोंड फिरवून बसाय सांग.

फोन उचलून आकडा सांगावा म्हणून दोन दिस मोबाइल हातात धरून बसलो. वाजला की हात मागं येतोय. काय करू? चप्पल आता हितं समद्या भट्टीला ठाव झाली. उद्या कुणी तुझ्या आवाजात चप्पल सांगितली तर म्या काय वळखायचं?

म्हणून काल येगळ्या पाकिटातनं सिमच पाठवलंय. पुठ्ठ्याचे दोन तुकडे हायत, त्यांच्या मधी हाय, कडा शिवल्यात. दोरा लाल हाय. दुसऱ्या रंगाचा निघाला तर पाकीट फोडलंय आसं समज आन लगेच पोलिसात जा. पोस्टातल्या बाईनं आत काय म्हणून इचारलं, म्या राखी म्हणलो. नोव्हेंबरात राखी कोण पाठवतंय म्हणली. लई चौकश्या करत होती, तिच्यावर बी ध्यान ठेवलंय.

समदे ठेकेदार मला त्याच नंबरावर वळखतेत. हितलं काम सोडायचा इचार होता, आता सोडता येत न्हाय, नव्या ठिकाणी बोलावणार कुठं? तर तुझा अर्ज होईस्तोवर गप हितंच हाय. आईला सांग, खूश हुईल.

एक ध्यानात ठेव. ह्या नंबरावर मोनिका नावानं फोन आला तर उचलू नको. कंपनीचा आसतोय.

आठवण काढत जा, आमी काढतोच.

तुझा दादा,
भागवत


धाराशिव,
ता. २७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोरा लालच होता.

सिम माझ्या मोबाइलात घातलं. शिवलिंगप्पाला तोंड फिरवून बसायला सांगितलं. तो म्हणाला, ताई, दुकान माझं आहे. पण बसला. ओटीपी आला, मी टाकला, अर्ज गेला. काल कॉलेजनं तो तपासून पुढं पाठवला. क्लार्कनं अण्णांना फोन करून सांगितलं, मुलीला निवांत शिकू द्या. अण्णांनी आत्याला कळवलं की स्थळाचं पुढच्या साली बघू. पुढच्या साली पुन्हा अर्ज असतो, तेव्हा पण असंच म्हणायला लावीन. तोवर माझा नंबर बदलून येईल, तुझं सिम लाल दोऱ्यातच परत पाठवते.

कंपनीचा फोन आला होता. रोज येतो. शेवटी काल उचलला. दादाची बहीण बोलतेय म्हणाले तर कंपनीचा विश्वास बसेना. म्हणाली, आवाज कुणी पण काढतंय, खरी बहीण असशील तर सांग, रामलिंगाला माकडानं काय नेलं?

मी चप्पल म्हणाले. तिनं फोन कापला.

मग तिचा मेसेज आला. माकडानं सोन्याची चेन नेली असं तू तिला सांगितलं होतंस म्हणे. आता तिला हातानं लिही. पत्ता मी घेतलाय.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
प्रतीक्षा