काळीच्या पिल्लांची पोटं

४ नोव्हेंबर, मंगळवार
आणि हा ढोरांचा डॉक्टर मला सांगतो, जंत आहेत! आमच्या काळी कुत्रीची चार पिल्लं, चारही काळी, पोटं मडक्यागत तट्ट. दोन टाइम नागलीची पेज घालते मी. म्हणे, मावशी, पोट फुगलंय नि बरगड्या दिसतायत, हे खाण्याचं पोट नाही. तू केलीस का रे कधी पेज?
रविवारी विहीणबाई पोशेऱ्याहून पिल्लू न्यायला येणार. आमच्या लेकीच्या, रविनाच्या लग्नात ह्याच पुष्पलताबाई बोलल्या होत्या, पोर हडकुळी आहे, माहेरी खायला नव्हतं वाटतं. आता बघा म्हणावं पोटं. औषध सोमवारी. ठरलं.

५ नोव्हेंबर
बारकं पिल्लू ओकलं. शेवयांसारखं काहीतरी. हे म्हणाले, शेवया कधी केल्यास? म्हटलं, गप जेवा.

६ नोव्हेंबर
बारकं दूधही पीत नाही. मला काय त्याचं.
दुपारी. खोडाळ्याला जायचंच होतं म्हणून डॉक्टरकडे डोकावले. विचारलं, पोरांची शाळेतली जंताची गोळी घरात आहे, पाव पाव देऊ? ओरडलाच. माणसाची गोळी नाही. एकेकाचं वजन करा, त्या हिशेबानं पातळ औषध. काळीलाही. पंधरा दिवसांनी परत.
मला माहीत होतं. त्याला येतं का बघत होते.
येसूच्या दुकानात तांदळाच्या काट्यावर वजनं केली. एकानं काट्यावरच केलं. येसू बोंबलली. हिचा तांदूळ तरी कुठं निवडलेला असतो?

७ नोव्हेंबर
औषध दिलं. हळूहळू, ठसका न लागू देता. पहिलं बारक्याला. दिलं त्याला हळदीचा टिळा, म्हणजे डबल नको. डोकं लागतं. तिघं झाली, चौथं मोरीत पळालं. धरून आणेस्तोवर काळीनं सगळे टिळे चाटून साफ, नि चौथंही हातातून सटकून त्यांच्यातच. आता कोणतं राहिलं?
डॉक्टरला फोन. म्हणाला, अंदाजानं कुणालाच देऊ नका. पोटंच सांगतील.

८ नोव्हेंबर
काय निघालं ते लिहीत नाही. सगळं पुरलं, साबणानं हात धुतले. बारकं पेज प्यालं! तिघांची पोटं खपाटीला. चौथं अजून मडकं. ह्याला उद्या देऊ, विहीणबाई गेल्यावर.

९ नोव्हेंबर, रविवार
विहीणबाई चहाआधीच म्हणाल्या, काय हो, कुत्र्यांनाही उपास घालता? मग मडकं उचललं. हेच तेवढं खात्यापित्या घरचं दिसतं!
सांगणार होते. खरंच. तोंडातून निघालं, ते माझं लाडकं हो.
नेलं.

११ नोव्हेंबर
काळी दारात बसून रस्त्याकडे बघते. मला काय त्याचं.
जीपवाल्याकडे औषधाची बाटली दिली. रविनाला फोन केला, म्हटलं सासूला शब्दाला शब्द सांग: विहीणबाई, ते खाण्याचं पोट नाही, जंत आहेत. वजन करून डॉक्टर सांगेल तेवढंच द्या. मग पोट खपाटीला जाईल. तेव्हा पोशेऱ्याला खायला नाही असं मी गावभर बोलू, का रविनाचं बोललेलं तुम्ही मागं घेताय? शुक्रवारपर्यंत कळवा.