वर गेलेली मुलगी

३ जून

अप्पांचा निरोप आला! काल आला नव्हता, जीव टांगणीला लागला होता. आवाज खणखणीत. "मने, दिवा मालवला की खोलीतला उजेड जातो कुठे? दार बंद, खिडकी बंद. पळायला वाट नाही. मग गेला कुठे?" आणि मग ते हसणं. स्वतःच्याच प्रश्नावर खूश झालेल्या माणसाचं.

जन्मभर थेटरात सिनेमाचं मशीन चालवलं त्यांनी. सगळे उजेडाच्या समोर बसायचे, हे मागे उभे. प्रश्न पडणारच.

उत्तर बोलून पाठवलं — भिंती पितात अप्पा. प्यायलेल्या उजेडाची ऊब होते. इतकी थोडी की हाताला कळत नाही.

आठ मिनिटांनी पोचेल त्यांना. घर इथून बसने पाऊण तासावर! पण आम्ही मंगळाच्या वाटेवर आहोत ना. जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये पत्र्याचा लांबडा डबा, दाराला सील, आत आम्ही चौघं. आठ महिने यालाच यान म्हणायचं. कोंडलेली माणसं एकमेकांचे गळे धरतात का, ते बाहेरचे बघणार. जसजसं 'लांब' जाऊ तसतसे निरोप मुद्दाम उशिरा सोडतात.

कॅमेरे सगळीकडे. फक्त झोपायच्या कपाटात नाहीत. म्हणून हे इथे लिहिते.

८ जून

कॅप्टनांचं आणि डॉक्टरीणबाईंचं वाजलं. कारण — चमचा. एक चमचा! कॅप्टनांचा जन्म बोटीवर गेला, प्रत्येक वस्तूला खिळा आणि प्रत्येक खिळ्याला वस्तू. बाईंनी चमचा बशीत ठेवला. दोन तास अबोला.

भाजी पिकवणारा आमचा पोरगेला शास्त्रज्ञ, ज्याला सगळे 'पालक' म्हणतात, तो म्हणाला, "मंगळावर पोचेपर्यंत काटे-चमचे वेगळे राहायला जाणार बहुतेक."

मी दिव्यांची बाई. पहाट मी आणते, संध्याकाळ मी करते. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा, म्हणून आमची सकाळ बाहेरच्या जगापासून रोज थोडी घसरते. खिडकी आहे एक, पण तो सिनेमासारखा पडदा. तारे मीच लावते, मीच मालवते.

१४ जून

शाळेतल्या मुलांचे प्रश्न आले. कंट्रोलचा, म्हणजे बाहेरून आमच्यावर लक्ष ठेवणाऱ्यांचा, नियम — उत्तरं खरोखर वर असल्यासारखी द्यायची. एकाने विचारलंय, तिथे सावली पडते का? एकीने, तुम्हाला घरी जावंसं वाटलं तर?

अप्पांचा सगळ्यात भारी. "तिथे रडलं तर पाणी गालावरून खाली येतं का?"

मीही मुलांना देते तसंच उत्तर दिलं. येत नाही अप्पा. डोळ्यालाच चिकटून बसतं, फुगत जातं, शेवटी टिपून घ्यावं लागतं.

"थापाडी! तुझ्या त्या डब्यात येत असणार की खाली!" हसून हसून ठसका लागला त्यांना. मागून ताई ओरडत होती — "अप्पा, आधी शेजारच्यांना नीट सांगा! धाकटी वर गेली, धाकटी वर गेली म्हणत सुटलाय, ती बाई रडत आलीय दारात!"

आम्ही चौघांनी तो निरोप तीनदा ऐकला. कॅप्टनसुद्धा हसले.

२ जुलै

निरोप नाही. ताईचाही नाही.

५ जुलै

"मने, दिवा मालवला की खोलीतला उजेड जातो कुठे? दार बंद, खिडकी बंद. पळायला वाट नाही."

तेच शब्द. तोच क्रम. मला वाटलं कंट्रोलने जुनाच निरोप चुकून सोडला. पण मागे कुकरची शिट्टी झाली, ती तेव्हा नव्हती.

हसले नाहीत शेवटी. नुसते थांबले. मग म्हणाले, "कुठे जातो गं?"

तेच उत्तर पुन्हा दिलं. भिंती पितात.

९ जुलै

आज — "मने, आपला दिवा दिसतो का तुला तिथून? गच्चीत लावून ठेवतो रोज. तुला वाट कळायला नको का?"

मी हसण्याची वाट पाहिली. शेवटपर्यंत ऐकलं. बीप वाजला.

नियम मोडला. म्हटलं, अप्पा, मी वरबिर नाहीये. त्या शेडमध्ये आहे. दार लावलं तेव्हा तुम्ही ताईबरोबर आला होता, कॅप्टनांशी हात मिळवलात, आठवतं ना?

अठरा मिनिटं जायला. अठरा यायला.

उत्तर आलं. दबकं. "असं नको बोलूस, बाळ. तिथल्या लोकांनी शिकवलंय का तुला असं बोलायला? तुला कोणी त्रास देतंय का?"

११ जुलै

ताईचा निरोप. "सगळं ठीक आहे. वय झालं, थोडा विसरभोळेपणा यायचाच. डॉक्टर म्हणाले गोळ्या देऊ. तू मध्येच सोडून येऊ नकोस हं. इतकी वर्षं वाट बघितलीस या संधीची."

मागे नळ चालू होता. ताई बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून बोलत होती. आई आजारी होती तेव्हाही फोन असेच करायची.

१५ जुलै

माझं काहीतरी बिघडतंय. काल सगळे झोपल्यावर पडद्यासमोर उभी राहिले आणि खालच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका शोधत होते. गच्चीतला दिवा! तारे मी मांडलेले. कुठला कुठे आहे मला तोंडपाठ. तरी शोधत होते.

पालकने मागून विचारलं, "काय हरवलं?"

काही नाही म्हटलं. त्याने पाच मिनिटं माझ्याबरोबर उभं राहून शोधलं, काय ते न विचारता.

१९ जुलै

आमच्याकडे निजानीज झाली होती. बाहेर मात्र भर दुपार असणार. दिवे निळे केले आणि दार वाजलं.

दार म्हणजे पत्रा. तीनदा. ठक ठक ठक. मग तळवा फिरवल्यासारखी खसखस.

चौघंही बाहेर आलो. चौघांनी ऐकलं, मी एकटीने नाही. पालक म्हणाला, "दूधवाला असेल." हसलो. मग पुन्हा वाजलं आणि कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाने पत्रा तापतो, वाजतो. कॅप्टन म्हणाले, "अंतराळात कोणी दार वाजवत नाही. झोपा."

कोणी झोपलं नाही. कंट्रोलला विचारलं तर उत्तर पाऊण तासाने येणार.

त्याआधी ताईचा निरोप आला. रडत होती, नळ नव्हता मागे. "अप्पा सकाळपासून घरात नाहीत गं. बाजार बघितला, थेटर बघितलं, दवाखाना बघितला. पायात चपलाही नाहीत. तुला कुठे गेले असतील असं वाटतं? लवकर सांग!"

लवकर सांग! ऐकेपर्यंतच वीस मिनिटं शिळं झालं होतं ते.

मी दाराकडे गेले. कॅप्टन मध्ये उभे राहिले. "दार उघडलं तर काय धरतात माहीत आहे ना? पलीकडे हवा नाही. चौघंही मेली असं धरतात. प्रयोग संपला."

"पलीकडे माझे वडील आहेत."

"असतीलच असं नाही."

"नसतीलच असंही नाही!"

डॉक्टरीणबाईंनी माझा दंड धरला. मला वाटलं अडवतायत. पण त्या कॅप्टनांना म्हणाल्या, "ती उघडणार नसेल तर मी उघडते." पालक त्याच्या रोपांकडे बघत होता. पाच महिन्यांची मेहनत त्याची. मान हलवली नुसती — उघड.

कॅप्टन दारासमोरून बाजूला झाले. मग म्हणाले, "मी परवानगी देऊ शकत नाही. आणि मला आता झोप लागलेली आहे." उभ्या उभ्या, टक्क डोळ्यांनी! वळले, आपल्या कपाटात गेले, पडदा ओढून घेतला.

सील तोडलं.

२० जुलै — घरी

उजेड. मला काही दिसेचना. मी दिव्यांची बाई, आणि खरा उजेड डोळ्यांना झेपेना! हात आडवा धरून उभी राहिले.

पत्र्याला टेकून, वॉचमनच्या स्टुलावर, अप्पा बसले होते. तळवा पत्र्यावर. पावलं धुळीने पांढरी. वॉचमन मला बघून घाबरला, काहीबाही सांगायला लागला, "बाबा सकाळपासून बसलेत. मुलगी इथून वर गेली म्हणतात. जिथून गेली तिथेच उतरेल ना, म्हणतात. हाकलू कसं, बाई?"

मी म्हटलं, "अप्पा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सभ्यपणे. थेटरात जागा विचारणाऱ्या माणसाकडे बघायचे, तसं. मग माझ्या खांद्यावरून उघड्या दारातून आत बघितलं.

"आत अजून कोणी आहे का हो?"

कंट्रोलवाले धावत आले. कोणी ओरडलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी आपल्या वहीत काय लिहिलं ते मला दिसलं — चौघांचा मृत्यू, आणि वेळ. कॅप्टन बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवून गेले. "उन्हात तुम्ही वेगळ्याच दिसता," म्हणाले.

२६ जुलै

अप्पा मला 'बाई' म्हणतात. बाई, पाणी देता का. बाई, तुमची मुलं कुठे असतात. मी धाकटी आहे म्हटलं की कसनुसं हसतात, वेड्याला समजून घेतल्यासारखं. ताईला बरोबर ओळखतात. मला घरात सगळं माहीत आहे, डबे, बटणं, कुठली फळी कुरकुरते, आणि मीच इथली नाही.

संध्याकाळी फार अस्वस्थ होतात. फोन हातात घेऊन येरझाऱ्या. "मनीचा निरोप नाही आला. आठवडा झाला. काहीतरी झालंय वर. मला कोणी सांगत नाही."

ताई स्वयंपाकघरात मला म्हणाली, "एकदाच. तिकडून बोलल्यासारखं बोल ना."

"ताई, मी समोर आहे त्यांच्या!"

"समोर तू नाहीस," ताई म्हणाली. मग जीभ चावली. पण बोलून गेली होती.

मागच्या खोलीत गेले. इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगात बसले, दार लावलं. बोलले — अप्पा, मी ठीक आहे. इथे आकाश दिवसाही काळंच असतं, सूर्य असूनसुद्धा.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. दारातून बघितलं. चेहरा असा उजळला म्हणता!

त्यांना मी तिथे हवी आहे. इथे नको.

४ ऑगस्ट

आता रोज बोलते. रोज त्यांचं उत्तर येतं. भाजी चिरताना, त्यांच्यापासून दहा पावलांवर, कानाला लावून ऐकते.

आजचं — "मने, ताईने घरात एक बाई ठेवलीय. मनाने चांगली आहे. पण तुझ्या कपात चहा पिते. मी काही बोललो नाही, उगाच कशाला कोणाचं मन दुखवा. तू आलीस की बघू."

कप धुवून वरच्या फळीवर ठेवला.

नंतर हसूही आलं.

१२ ऑगस्ट

धीर करून जुना फोटो बाहेर काढला. अप्पा, मी आणि थेटरचं मशीन. मी आठ वर्षांची, दोन वेण्या. समोर ठेवला, माझा चेहरा फोटोशेजारी धरला.

अप्पांनी फोटोवरची धूळ अंगठ्याने पुसली. "ही आमची मनी. तुम्ही ओळखता तिला?"

"ओळखते."

"कशी आहे?"

"बरी आहे. दमलीय जरा."

"दमणारच. किती लांब!" थोडं थांबून म्हणाले, "बोलणं झालं तर सांगा, घाई नको म्हणावं. आम्ही आहोत इथे."

सांगते म्हटलं.

१९ ऑगस्ट

ताई बाजारात गेली होती. अप्पांनी खुणेने जवळ बोलावलं. मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत, अगदी कानाशी लागून म्हणाले, "बाई, कोणाजवळ बोलू नका. मनी वरबिर कुठे गेलेली नाही. त्या खोलीत लपून बोलते. मी दाराला कान लावून ऐकलंय. पण मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. फार हौस होती हो पोरीला." मग चेहरा एकदम काळजीचा झाला. माझा हात धरला. "तिला वेळच्या वेळी जेवायला देता ना आत?"

देते, म्हटलं.