मॅराडोनाला पहिला नंबर

बेलवली, बदलापूर (पश्चिम)
१४ जानेवारी १९९०

चि. नीलिमास,
आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

नाताळच्या सुट्टीत लिहिलेलं तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमनने नेहमीसारखी खालूनच हाक दिली, "शिवराम तांबेऽऽ, जर्मनी!" आणि आप्पा काठी शोधू लागले. पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचल्याशिवाय हा माणूस जिना चढत नाही. तू गेलीस तेव्हापासून तुझी पत्रं आप्पांच्याच नावाने येतात. वाचायची मीच. काल दोनदा वाचून दाखवलं.

मी बरी आहे. शाळा चालू आहे. आप्पा बरे आहेत.

आता मुद्द्याचं. दशक संपलं म्हणून तू गेल्या दहा वर्षांतल्या खेळाडूंची क्रमवारी पाठवलीस. पहिला रुमेनिगे, दुसरा मथायस, तिसरा मॅराडोना, चौथा पुन्हा जर्मन. ही क्रमवारी आहे की शेजारी वाटलेला फराळ? तिथलं मीठ खातेस म्हणून इतकी मिंधी होऊ नकोस. ब्याऐंशी साली तुमच्या गोलकीपरने त्या फ्रेंच मुलाचे दात पाडले आणि रेफरीने साधा फाउलसुद्धा दिला नाही, हे तूच कळवलं होतंस. तेव्हा आप्पा दोन दिवस तुमच्या देशाशी बोलत नव्हते, म्हणजे तुझ्या फोटोकडे पाहत नव्हते.

माझा क्रम असा: प्लाटिनी, झिको, शिरेया, मग मॅराडोना. तू म्हणशील शिरेया हा बचावाचा माणूस, त्याला एवढं वर का चढवलं. तो वारला तेव्हा तूच लिहिलं होतंस की इतक्या वर्षांत त्याला कुणी एकदाही मैदानाबाहेर काढलं नाही. आप्पांसारख्या रेफरीच्या मुलीला आणखी काय पाहिजे? आणि मॅराडोना चौथा, कारण त्याने हाताने गोल केला. बाकी सगळं मान्य आहे. त्याच सामन्यात नंतर अर्धं मैदान कापून केलेला गोल मीही टीव्हीवर पाहिला, तेव्हा मीही खुर्चीवरून उठले होते. पण हात तो हात. तू गेल्या मे महिन्यात त्याला तुमच्या गावच्या मैदानावर डोळ्यांनी पाहिलंस म्हणून तुझं मन विरघळलं असेल. माझं नाही.

आप्पांचा नियम आठवतो ना? रविवारी जेवणं झाली की क्रमवारी. नंबर बदलायचा तर उभं राहून कारण सांगायचं. कारण पटलं नाही तर भांडी घासायची. तू काय काय थापा मारायचीस, आणि भांडी मात्र दर आठवड्याला माझ्याच वाट्याला. आई पदर तोंडाला लावून हसायची.

आप्पांची क्रमवारी विचारलीस. पहिला धर्मराज. होय, आपल्या काडीपेटीच्या कारखान्याचा धर्मराज, अंबरनाथच्या मैदानावर डाव्या बाजूने अनवाणी पळायचा तो. मी म्हटलं, "आप्पा, हे गेल्या दहा वर्षांचं चाललंय." तर म्हणाले, "मग? त्याला काय झालंय? परवाच तर खेळला." आप्पा आपले जुन्यात रमतात.

सुट्टीचा बेत वाचला. मे संपता संपता आम्ही दोघांनी यायचं, आधी तुझ्याकडे श्टुटगार्टला राहायचं, मग तुझ्या गाडीने डोंगर ओलांडून मिलानला विश्वचषकाचे सामने पाहायचे, तिथून खाली नेपल्स, आणि ऑगस्टमध्ये परत. मी माझी रजा साठवून ठेवलेली आहे. काल उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये तिकिटवाल्या लेखराजकडे जाऊन आले. मला 'अदी' म्हणतो, म्हणजे सिंधीत बहीण. म्हणाला, "अदी, बाबा को खिडकीवाली सीट देंगे, टेन्शन नहीं लेने का." मी टेन्शन घेत नाही, चौकशी करते, असं त्याला सांगितलं.

दिवाळीपासून चामटोलीच्या कौसाबाई दिवसभर आप्पांजवळ असतात. मी शाळेत असताना घरात कुणीतरी हवं.

तुझी,
ताई


बेलवली
११ मार्च १९९०

चि. नीलिमास,
आशीर्वाद. जयभीम.

तू विचारतेस, आप्पा स्वतः दोन ओळी का लिहीत नाहीत. हात थरथरतो. वय झालं.

पासपोर्टच्या फोटोची गंमत सांगते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराजवळच्या स्टुडिओत आप्पांना घेऊन गेले. पांढरा शर्ट, केस विंचरलेले. फोटोवाला म्हणाला, "बाबा, इधर देखो." आप्पा उठून स्टुलाच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे, छाती पुढे. आठवतं, आपल्या भिंतीवरच्या जुन्या फोटोत सगळ्या संघाच्या कडेला ते कसे उभे असायचे? तसेच. आणि मला म्हणाले, "बाकीचे अकरा कुठं राहिले? ऊन उतरलं म्हणजे फोटो येत नाही." फोटोवाला बिचारा म्हणतोय, "बाबा, अकेले का निकालना है." आप्पा ऐकेनात. शेवटी त्या माणसाने बाहेरची दोन गिऱ्हाइकं आणि चहावाला आत बोलावून ओळीत उभे केले, तेव्हा आप्पा समाधानाने कॅमेऱ्याकडे बघायला लागले. फोटो चांगला आला आहे. बाकीचे कापून टाकले.

मला हसू आलं. तुलाही यावं म्हणून लिहिलं.

युरोपचा मोठा नकाशा आणून भिंतीला लावला आहे. संध्याकाळी आप्पांना खुर्चीत बसवून काठीने वाट दाखवते. इथे नीलिमाचं गाव. इथून डोंगर. हे मिलान. आप्पांना फार आवडतं. एकच वाट रोज नवीन असते.

मिलानला उन्हाळ्यात स्वेटर लागतो का, ते कळव. आणि तुझ्या घराच्या खिडकीतून काय दिसतं तेही. नुसतं 'झाडं' लिहू नकोस, कसली झाडं ते लिही. मला लागतं ते.

आप्पा बरे आहेत.

ताई


बेलवली
१५ एप्रिल १९९०

नीलिमा,
जयभीम.

माझ्या क्रमवारीत एक बदल आहे. मॅराडोना पहिला. आप्पांच्या नियमाप्रमाणे कारण द्यावं लागतं, ते देते. उभी राहून लिहिता येत नाही, एवढं सोड.

मी तुला प्रत्येक पत्रात लिहिलं की आप्पा बरे आहेत. खातात, फिरतात, झोपतात, म्हणून ते खोटं नव्हतं. पण दिवाळीच्या आधीपासून आप्पा मला ओळखत नाहीत. म्हणजे प्रेमाने ओळखतात, पण नीलिमा म्हणून. एका सकाळी चहा दिला तर म्हणाले, "नीले, कधी आलीस? दमली असशील." मी सांगितलं, मी अंजी. तर त्यांचा चेहरा इतका पडला, जसं मी आलेल्या पाहुणीला दारातून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "हो आप्पा, कालच आले." त्या दिवशी ते पोटभर जेवले.

तेव्हापासून या घरात मी तू आहे.

कौसाबाई नवीन. त्यांनी आप्पांच्या तोंडून जे ऐकलं तेच नाव उचललं. त्या मला नीलिमाबाय म्हणतात. सुरुवातीला दुरुस्त करायचं राहिलं, नंतर करण्यात अर्थ उरला नाही. शाळेत मी तांबेबाई. लेखराजची अदी. तुझी ताई. आई होती तोवर ती अंजनी म्हणायची.

आता फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळी आप्पा एकदम म्हणाले, "नीले, अंजी कुठाय?"

काय सांगायचं, तू सांग. मी समोर भाजी निवडत बसले होते. म्हटलं, "अंजी परदेशी गेलीय आप्पा. लांबच्या सुट्टीवर."

मला वाटलं रागावतील, मला न सांगता कशी गेली म्हणून. पण आप्पा हसले. म्हणाले, "बरं झालं. ती कधी बाहेर बसलीच नाही." मग थोड्या वेळाने, "आमच्या टायमाला बदली खेळाडू नव्हता. पाय मोडला तरी तोच खेळायचा. आता देतात म्हणे बदली."

मी भाजी घेऊन आत गेले. चिरायला कांदा नव्हता, एवढंच सांगते.

तो नकाशा त्यानंतर आणला. आता कळलं असेल, रोज वाट नवी का असते. मी त्यांना आपला बेत दाखवत नव्हते, अंजी आज कुठे पोचली ते सांगत होते. तुझ्या पत्रातलं सगळं त्यात घातलं, तुझी ट्राम, तुझी बेकरी, आता तुझी चेस्टनटची झाडंही. अंजी पहाटे उठून पाव आणायला जाते. अंजीला थंडी वाजली, नीलिमाने कोट दिला. अंजी मिलानच्या मैदानात अगदी वरच्या रांगेत बसली आणि तिथूनसुद्धा तिला ऑफसाइड दिसला. आप्पा टाळी देतात. "दिसणारच! कुणाची पोरगी आहे?"

इतकं कौतुक त्यांनी माझं समोरासमोर कधी केलं नव्हतं, नीलिमा. मी रोज ऐकते. तू होऊन ऐकते.

काल जयंती. आप्पांना पांढरे कपडे घालून विहारात घेऊन गेले. जुनी माणसं भेटली, पाया पडली. आणि आप्पांनी सगळ्यांना सांगितलं, "माझी थोरली मिलानला आहे. वर्ल्ड कप बघायला." मी त्यांच्या चपला हातात घेऊन शेजारी उभी. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "वा, वा, आप्पा." कुणीही शिट्टी वाजवली नाही. घरी येताना कौसाबाई मला विचारतात, "नीलिमाबाय, तुमची थोरली भैन कवा येनार हो? तिला बगायचंय मला. म्हातारा तिचंच कौतिक करतो दिसभर."

मी म्हटलं, "येईल ऑगस्टात."

तेव्हा मला तो मॅराडोनाचा गोल आठवला. चार वर्षं मी त्याला चौथ्या नंबरावर बसवून ठेवलं. आता मीच रोज हाताने गोल करते आहे आणि समोरचा माणूस टाळ्या वाजवतो आहे. मग त्याला खाली ठेवायचा मला काही हक्क उरत नाही. हे झालं कारण. पटलं नाही तर भांडी घासायला तयार आहे, सवय आहे.

आता बेताबद्दल. आप्पांना विमानात बसवता येणार नाही. हे मला जानेवारीतही माहीत होतं. तरी खिडकीची सीट विचारत फिरले, फोटो काढले, स्वेटरची चौकशी केली. ते आप्पांसाठी नव्हतं. बेत आखताना तेवढा वेळ मी जायला निघालेली असायची.

मला जायचं आहे, नीलिमा. हे वाक्य लिहायला मला तीन महिने लागले, म्हणून नीट वाच. मला त्या बेकरीत जाऊन पाव आणायचा आहे. कुणी विचारलं नाव काय, तर सांगायचं आहे.

तेव्हा असं कर. तू ये. मे महिन्याच्या अखेरीस इथे ये आणि ऑगस्टपर्यंत आप्पांजवळ राहा. मी तुझ्या घरी जाते. मिलानची तुझी तिकिटं मला दे. तुझा विश्वचषक बुडेल, तुझ्या घरून गाडीने जाता येईल इतका जवळ होत असताना बुडेल, आणि तो तुला इथे पंख्याखाली टीव्हीवर बघावा लागेल, वीज असली तर. हे लहान मागणं नाही, मला कळतं. आईच्या वेळी आलीस त्यानंतर तू आली नाहीस, आणि मी कधी ये म्हटलं नाही. या वेळी म्हणते आहे.

आप्पा तुला कोण म्हणून ओळखतील, सांगता येत नाही. नीलिमा म्हणतील. कदाचित कौसाबाई म्हणतील. कदाचित अंजी परत आली म्हणतील. तसं झालं तर त्यांना मिलानचं सगळं सांग, मी तिथून रोज लिहीन. माझं सांगून झालेलं मला एकदा खरंच पाहून यायचं आहे. भाषेची काळजी करू नकोस. इंग्रजीवर भागवीन. ऑफसाइड सगळीकडे ऑफसाइडच असतो.

नियमाप्रमाणे मैदानावरचा आधी बाहेर येतो, मग बदली आत जातो. आपल्याला ते जमणार नाही. तू आधी आत ये. दोन दिवस आपण दोघी राहू, म्हणजे तुला औषधं आणि आप्पांचा आंघोळीचा हट्ट दाखवता येईल. मग मी निघेन.

उत्तर हो असो की नाही, लवकर पाठव. आणि एक कर. पत्ता तोच राहू दे, पण पाकिटावर या वेळी आप्पांचं नाव घालू नकोस. माझं घाल. पूर्ण घाल, अंजनी शिवराम तांबे. अक्षर मोठं काढ.

पोस्टमन खालून वाचेल. मी गॅलरीत उभी राहीन.

तुझी,
अंजनी